दयेचा हिशेब

भुकेल्या जीवास घास द्यावा, ह्याविषयी सहसा कोणी वाद घालीत नाही. वाद उत्पन्न होतो तो पुढच्या पायरीवर. देणाऱ्याच्या हाती थोडेच असेल, घेणारी तोंडे पुष्कळ असतील, आणि आपल्याच घासामुळे ती तोंडे वाढत असतील, तर दयाळू माणसाने काय करावे? हा प्रश्न मोठ्या धर्मादाय संस्थांपुढे येतो, तसाच तो एखाद्या खेड्यातील गरीब बाईच्या ओसरीवरही येऊन बसतो. अशाच एका ओसरीवर तो आम्ही पाहिला. त्यावर जो विचार करावा लागला तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

पुणे-सोलापूर हमरस्त्यावर, पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरांवर, दौंड तालुक्यात पाटस हे गाव आहे. उसाचा मुलूख, जवळच भीमा सहकारी साखर कारखाना, गावास आगगाडीचे स्थानक, आणि आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी ह्याच गावावरून रोटी घाटाकडे जाते. अशा रहदारीच्या गावी धान्याची दुकाने असावयाचीच; जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे मांजर. बाजारातील दुकानांच्या मागल्या बोळात नऊ मांजरे राहत असत. ती कोणाच्या मालकीची नव्हती, माणसाच्या हातास येत नव्हती. पावलांची चाहूल लागताच पोत्यांच्या थप्पीआड नाहीशी होत. त्या बोळाच्या तोंडाशी एक विधवा बाई राहतात. त्यांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. आम्ही त्यांस मावशी म्हणतो व त्या आम्हांस गुरुजी म्हणतात.

मावशींचे उत्पन्न म्हणजे निराधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये आणि शिवणकामाचे जे काही मिळेल ते. त्यांतून मांजरांसाठी त्यांनी महिन्याचे ६०० रुपये वेगळे काढले होते. म्हणजे दिवसाचे २० रुपये. कोंबडीच्या दुकानी उरलेली डोकी, पाय, काळीज असे अर्धा किलो त्यांस १५ रुपयांत मिळे. स्वतःच्या शिध्यातील दोन मुठी तांदूळ त्यात शिजवीत. उरलेले रोजचे पाच रुपये साठवून आठवड्यातून एकदा थोडी सुकट, किंवा भिगवणहून कोणी उजनीच्या पाण्यातील चिलापी मासळी आणल्यास तिच्यातील बारीक वाटा घेत. नऊ मांजरांत हे वाटले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास जेमतेम पाव शेराच्याही खालीच येई. पोट भरत नसे, परंतु जीव तगून राही, आणि उरलेली भूक उंदरांवर भागे.

ह्या साध्या स्वयंपाकामागे किती ज्ञान होते हे आम्हांस मागाहून कळले. मांजरास दूध आवडते हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि दया आली की वाटीभर दूध पुढे करितो. परंतु पुष्कळशा मोठ्या मांजरांस दुधातील साखर पचत नाही. पोट बिघडते, आणि अशक्त जीव अधिकच अशक्त होतो. नुसता भात किंवा भाकरीचा कुस्करा घालणे हेही पुरेसे नाही. मांजराच्या शरीरास टॉरिन नावाचे एक द्रव्य लागते. ते त्यास स्वतः पुरेसे निर्माण करिता येत नाही. ते मांसात व मासळीत असते, धान्यात नसते. हे द्रव्य न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, असे शास्त्रज्ञांनी १९७५ साली दाखवून दिले. पुढे हृदयावरही त्याचा परिणाम होतो असे आढळले. म्हणजे वर्षानुवर्षे प्रेमाने भात घालून आपण एखाद्या जीवास आंधळे करू शकतो! कांदा-लसूण घातलेली आमटी तर मांजरास विषासमान आहे, आणि शिजविलेली हाडे तुटून त्यांच्या अणकुच्या आतड्यांत रुततात. मावशी मांस हाडांवरून सोडवून घेत, मीठ-मसाला घालीत नसत, आणि दूध कधीच देत नसत. हे सारे त्यांस पुण्यातील एका पशुवैद्याने सांगितले होते व ते त्यांनी मनावर घेतले होते.

आता शेजाऱ्यांचे आक्षेप ऐकू. ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप असा की, माणसांस पुरेसे मिळत नाही आणि ही बाई मांजरांस घालिते. ज्याच्या घरी लेकरू उपाशी निजते त्याने त्या लेकराच्या तोंडचा घास काढून मांजरास द्यावा, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु मावशींच्या घरी उपाशी लेकरू नव्हते. कमी झाले होते ते त्यांचे स्वतःचे. संध्याकाळचा चहा त्यांनी सोडला होता आणि सणाचे लुगडे दोन वर्षे घेतले नव्हते. स्वतःच्या वाट्यातून जो देतो त्यास, हे अमक्यास का दिले नाही, असे विचारण्याचा अधिकार आपणांस किती आहे? शिवाय असे विचारणाऱ्यांपैकी किती जण माणसांस घालितात, हेही पाहिले पाहिजे. आमचा अनुभव असा की, आजारी शेजारणीच्या घरी पेज घेऊन जाणारी बाई बहुधा तीच असते जी बोळातील मांजरांस विसरत नाही. दया ही विहिरीसारखी आहे. उपसली म्हणून ती आटतेच असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. रानातील जीवांस कोण घालितो? त्यांचे ते पाहून घेतात. मग मांजरांच्या जीवनक्रमात आपण हात का घालावा? ह्याचे उत्तर असे की, मांजर हे रानाचे राहिलेले नाही. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले सापडले. माणूस धान्य साठवू लागला, उंदीर जमले, उंदरांमागून मांजर आले, आणि माणसाने त्यास राहू दिले, कारण त्यात त्याचा लाभ होता. आपल्या महाराष्ट्रातही ही सोयरीक एकदा शास्त्रीय चर्चेचा विषय झाली होती. १८९६ पासून प्लेगने मुंबई-पुण्यापासून खेड्यापाड्यांपर्यंत जो कहर केला, त्यानंतर १९०८ च्या सुमारास अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकानन ह्यांनी असे मत मांडले की, ज्या गावांत मांजरे पुष्कळ आहेत त्या गावांत प्लेग कमी दिसतो. म्हणून लोकांनी मांजरे पाळावी. मांजरासही प्लेग होऊ शकतो हे आज ठाऊक असल्यामुळे तो उपाय आता कोणी सांगणार नाही. परंतु संकटसमयी आपण कोणाकडे पाहिले होते, हे त्यावरून ध्यानात येते. बोळातील मांजर हे आपणच बोलाविलेल्या पाहुण्याचे वंशज आहे. धान्याच्या पोत्यांची राखण त्याने आजही सोडलेली नाही. तेव्हा त्यास दिलेला घास सर्वस्वी दान नव्हे. त्यात काही भाग मजुरीचा आहे.

येथवर मावशींची बाजू भक्कम होती. परंतु खरी अडचण शेजाऱ्यांनी आणिली नाही. ती त्यांच्या स्वतःच्या हातूनच उभी राहिली.

नऊ मांजरांत पाच माद्या होत्या. मांजराची मादी पाच-सहा महिन्यांची झाली की विण्यास योग्य होते; गर्भाचा काळ सुमारे नऊ आठवड्यांचा; एका वेतास तीन-चार पिले, आणि वर्षात दोन-तीन वेते सहज होतात. खावयास मिळू लागल्यावर माद्यांच्या अंगी बळ आले व पिले होऊ लागली. परंतु पिले जन्मास येणे आणि पिले जगणे ह्यांत मोठे अंतर आहे. मोकाट मांजरांची अर्ध्याहून अधिक पिले मोठी होण्यापूर्वीच मरतात. कोणी डोळ्यांच्या आजाराने गेले, कोणास कुत्र्यांनी फाडले, कोणी हमरस्त्यावर चिरडले. एका उन्हाळ्यात मावशींनी अकरा पिले बोळातून उचलून पुरली. ज्या आठवड्यात पालखी गावावरून गेली, त्या आठवड्यात आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. बाहेर टाळ-मृदंगाचा गजर चालला होता. त्या हळूच म्हणाल्या, “गुरुजी, खायला घालणं सोपं हाय. पण ही पिल्लं माझ्याच घासानं जल्मली आन् माझ्याच म्होरं मेली. ह्याला काय म्हणावं?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही स्वतः पाटस स्थानकावर गाडीची वाट पाहताना कित्येकदा मांजरांपुढे बिस्किटे टाकली आहेत आणि मन प्रसन्न करून गाडीत चढलो आहो. त्या बिस्किटांचे पुढे काय झाले, हे पाहण्यास आम्ही कधी मागे राहिलो नाही. मावशी मागे राहिल्या होत्या.

असा प्रसंग आला म्हणजे मनुष्य बहुधा दोहोंपैकी एक मार्ग धरतो. एक, मन कठोर करून घालणे बंद करितो. दुसरा, डोळे मिटून अधिकाधिक घालीत जातो. दुसऱ्या मार्गाचा शेवट काय होतो, त्याचे उदाहरण ह्याच हमरस्त्यावर पुण्याच्या बाजूस घडले. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या हडपसर भागातील एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे असल्याचे उघडकीस आले. शेजारी दुर्गंधीने व आवाजाने त्रासले, तक्रारी झाल्या, आणि मांजरे तेथून हलविण्याचा आदेश सरकारी अधिकाऱ्यांस द्यावा लागला. तेथे दया नव्हती असे आम्ही म्हणत नाही. परंतु संख्या हाताबाहेर गेली म्हणजे दयेचेच हाल होतात. जीवांची आबाळ होते, शेजाऱ्यांस उपद्रव होतो, आणि लोकांच्या मनात त्या मुक्या जीवांविषयीच तिटकारा उत्पन्न होतो.

मावशींनी तिसरा मार्ग काढला, आणि त्यात आमच्या मते सारा नैतिक प्रश्न साठविलेला आहे. पुण्यातील एक संस्था अल्प खर्चात मांजरांची शस्त्रक्रिया करून त्यांस पिले होणे बंद करिते, असे त्यांस कळले. जाण्या-येण्याचा खर्च धरून एका मादीस सुमारे ८०० रुपये लागणार होते. हातात जादा पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी दिवसाच्या २० रुपयांतील आठ रुपये काढून डब्यात टाकावयास आरंभ केला. १२ रुपयांत नऊ मांजरांचे भागविले. महिन्यास २४० रुपये जमू लागले. धान्याच्या दुकानदारास त्यांनी आपला हिशेब दाखविला. तो आधी हसला, मग विचारात पडला, आणि उंदरांवर होणाऱ्या आपल्या खर्चातून महिन्यास २०० रुपये देऊ लागला. दोन महिन्यांस एक मादी, असा क्रम ठरला. मागून आणलेल्या पिंजऱ्यात सुकट ठेवून मादीस धरावयाचे, पिंजऱ्यावर पोते झाकून पहाटेच्या गाडीने पुण्यास न्यावयाचे, परत आणून जखम भरेपर्यंत आपल्याच खोलीत ठेवावयाचे, आणि मग तिच्या बोळात सोडून द्यावयाचे. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाचे टोक किंचित छाटलेले असते, म्हणजे तीच मादी पुन्हा धरली जात नाही. दहा महिन्यांत पाचही माद्या झाल्या.

परंतु ही गोष्ट येथेच आनंदाने संपविणे खरेपणाचे होणार नाही. त्या दहा महिन्यांत नऊ मांजरे पूर्वीपेक्षा अधिक उपाशी राहिली. त्यांत एक म्हातारा बोका होता. दात पडलेले, उंदीर धरण्याची शक्ती गेलेली. तो माघाच्या थंडीत एका सकाळी पोत्यावर मेलेला आढळला. म्हातारपणाने मेला, थंडीने मेला, की कमी झालेल्या घासाने मेला, हे कोण सांगणार? मावशी एवढेच म्हणाल्या, “डब्यातल्या आठ रुपयांत त्याचा बी वाटा व्हता.”

तर मग प्रश्न असा: जो जीव आज डोळ्यांपुढे भुकेला आहे त्याचा घास कमी करून, जे जीव अजून जन्मासही आले नाहीत त्यांचे हाल टाळणे न्याय्य आहे काय? भुकेल्या बोक्यास डोळे आहेत, तो आपल्याकडे पाहतो. पुढील उन्हाळ्यात मरणारी अकरा पिले आज आपल्याकडे पाहत नाहीत. मनाचा ओढा बोक्याकडे जाणार, हे स्वाभाविक आहे. परंतु जी दया केवळ डोळ्यांपुढे असलेल्यासच ओळखते ती अपुरी नव्हे काय? पुढील उन्हाळा येणारच होता, माद्या विणारच होत्या, पिले मरणारच होती. आणि हे मावशींस पक्के ठाऊक होते. जे निश्चित येणार आहे असे आपण जाणतो त्याविषयी आपण उत्तरदायी असतो, मग ते आज दिसो वा न दिसो. शिवाय ती पिले देवाने किंवा दैवाने पाठविली असे म्हणून हात झटकण्याची सोय मावशींस नव्हती. त्यांच्याच घासाने ती जन्मास येत होती. जो आरंभ आपण केला त्याचा परिणाम सांभाळणे हे आपल्या दयेचेच अंग आहे. म्हणून आमचे मत असे की मावशींनी योग्य केले.

योग्य केले, तरी बोक्याचे देणे फिटले असे आम्ही म्हणत नाही. कित्येक प्रसंगी योग्य निर्णयातही कोणाचे तरी काही बुडते. तेव्हा आपण बरोबर होतो एवढ्यावर समाधान मानून जो मनुष्य विसरून जातो, त्याचे मन हळूहळू दगडाचे होते. आणि त्या दुःखाने जो निर्णयच घेत नाही, त्याच्या हातून अधिक जीव मरतात. मावशी अजून त्या पोत्याकडे पाहतात आणि अजून दुसऱ्या दिवसाचा हिशेबही मांडतात. दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात, हे आम्ही त्यांच्यापासून शिकलो.

पुष्कळांस वाटते की हिशेब हा दयेचा वैरी आहे. जो मोजतो तो देत नाही. एकनाथांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवास काशीहून आणलेली गंगा पाजली, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते, आणि तीत हिशेबाचा लेशही नाही असे आपण समजतो. परंतु तेथे एक जीव होता व एक कावड होती. जेथे रोज नऊ तोंडे आहेत व रोज २० रुपये आहेत, तेथे प्रेमासच मोजावयास शिकावे लागते. योना भविष्यवाद्याच्या पुस्तकाचा शेवटही ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. निनवे शहराची कीव सांगताना तेथे एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांचा आकडा दिला आहे, आणि त्याच वाक्यात गुराढोरांचीही आठवण ठेविली आहे. ज्यांची कीव केली त्यांची तेथे गणतीही आहे. आई चार भाकऱ्या सहा जणांत वाटिते तेव्हा ती मोजितेच. म्हणून तिची माया कमी होत नाही. उलट, न मोजता देणाऱ्याचे लक्ष पुष्कळदा स्वतःच्या मनास मिळणाऱ्या गोडीकडे असते, जसे स्थानकावर आमचे होते.

वाचकांपैकी ज्यांच्या दारी अशी मांजरे येतात त्यांस ह्या अनुभवावरून चार व्यावहारिक गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आरंभी मांजरे मोजावी व माद्या किती ते पाहावे. अंथरूण पाहून पाय पसरावे. जेवढे वर्षभर नेमाने देता येईल तेवढेच पहिल्या दिवशी द्यावे, कारण सवय लावून मध्येच सोडणे ही न देण्यापेक्षा मोठी निष्ठुरता आहे. ठराविक वेळी, ठराविक जागी घालावे आणि अर्ध्या तासाने उरलेले उचलून जागा धुवावी, म्हणजे कुत्री व उंदीर जमत नाहीत आणि शेजाऱ्यांस बोलावयास जागा राहत नाही. पाण्याचे भांडे मात्र दिवसभर भरलेले असावे. उन्हाळ्यात ते घासाहून मोलाचे आहे. पैसा अपुरा असल्यास आधी माद्यांच्या शस्त्रक्रियेची तजवीज करावी, आणि त्यासाठी शेजाऱ्यांपुढे हिशेबाची वही उघडी ठेवावी. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे, कारण पिसाळण्याचा रोग मांजरापासूनही होऊ शकतो.

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही एक कर्तव्य आहे. ते कर्तव्य दिल्लीस लिहिले गेले, पण पाळावे लागते ते अशा बोळांत, आणि बहुधा ज्यांच्यापाशी थोडेच आहे त्यांच्याकडून.

गेल्या खेपेस आम्ही पाटसास गेलो तेव्हा मावशींच्या बोळात आठ मांजरे होती. पाच कान छाटलेले होते. त्या उन्हाळ्यात एकही पिलू पुरावे लागले नव्हते. रोजचे २० रुपये पुन्हा सगळेच्या सगळे घासासाठी लागत होते, आणि वाटा थोडा वाढला होता. मावशींनी वाटी खाली ठेविली, मांजरे मोजली, आठवी येईपर्यंत थांबल्या, आणि मग घरात जाऊन वहीत त्या दिवसाचा आकडा लिहिला.